मुंगी कुठवर आली?

"मुंगी कुठवर आली, शेठ?" असं म्हणत बाई माझ्या कोपरापासून मनगटाकडे बोटाने टकटक करत यायच्या. घरात कोण आहे ते दार वाजवून पाहावं, तशा. ज्या जागेवरच्या टकटकीने बोटांत मुंग्या धावत, तिथं जांभळ्या शाईचा ठिपका द्यायच्या.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी बैलांचा हेडी, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारा. काष्टीच्या बाजारात स्वतःच्या जिभेवर उभा राहिलेला माणूस. एका मारक्या खोंडाने कोपराखाली शिंग घातलं आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुकी झाली. तुम्ही बैलबाजार पाहिला असेल, तर माझं काय गेलं ते कळेल. आमच्यात भाव मात्र तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, समोरचा जितकी बोटं दाबेल तितका भाव. मला तीन आणि पाच सारखेच झाले. डाव्या हाताने सौदा कोणी करत नाही. "याचा हात लाकडाचा झालाय," असं माझाच जुना भागीदार बाजारभर सांगत फिरला. ते मी अजून विसरलेलो नाही.

नगरच्या दवाखान्यातल्या या डॉक्टर बाई जखमी शिपायांच्या तुटलेल्या शिरांचा अभ्यास करत होत्या. "रक्ताच्या नव्हेत, खबर नेणाऱ्या शिरा," असं बजावायच्या. माझी शीर त्यांनीच शिवली. म्हणाल्या, "आता वाढेल. दिवसाला बाजरीच्या अर्ध्या दाण्याएवढी."

"पुरा दाणा करा की, बाई."

"इथं घासाघीस चालत नाही, शेठ."

मला डोळे मिटायला लावून त्या बोटांना कापूस टेकवायच्या. मी दर वेळी ठासून म्हणायचो, "लागलं!" आपली पडती बाजू दाखवायची नाही, हा आमचा धर्म.

"शेठ, मी अजून हातच लावलेला नाही."

"मग इचारता कशाला?" मी असा ओरडलो, की बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाजारात कसं विचारतात, ते दाखवा." मी खांद्यावरचा रुमाल काढला. बाईमाणसाचा हात रुमालाखाली! कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला. पण रुमालाखाली खोटं बोलणारा हेडी बाजारातून उठतो. बाईंनी बोट दाबून कोणतं ते विचारलं, आणि तिथं मी पहिल्यांदा खरं बोललो. "कळत न्हाई, बाई."

त्यानंतर दर खेपेला रुमाल. पाऊस सरला, ज्वारी निघाली, ठिपके मनगट ओलांडून तळहातावर आले. एक दिवस बाईंनी बोट दाबलं आणि मला कळलं! "करंगळी!" मी ओरडलो. त्यांनी रुमाल उचलला. चिमटीत करंगळीशेजारचं बोट होतं.

मी रुमाल आपटला. "म्हंजी हात खोटं बोलाय लागला! त्यापरीस मुका बरा हुता."

बाई मात्र पोरीसारखी टाळी वाजवून उठल्या. "धागे वाढले, पण शेजारच्या घरात शिरले. डोकं शिकेल हळूहळू. चुकलं तरी बोललं ना, शेठ? मुकं नाही राहिलं."

मग घरी बायकोला रुमालाखाली बसवलं. "सांगा, बैल दिऊ का ठिवू?" म्हणत ती मुद्दाम फसवायची. चुकत चुकत हात शिकला.

पुढच्या हंगामात त्या भागीदारानेच रुमालाखाली हात घातला. चार बोटं दाबून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "चारावर ह्यो बैल मिळत न्हाई," मी त्याच्या कानात म्हणालो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

तडक नगर गाठलं. बाई बदलून गेल्या होत्या. कुठं, ते कंपाउंडरलाही धड सांगता येईना. त्यांच्या खुर्चीत एक नवे डॉक्टर, एका शिपायाच्या हातावर रुमाल टाकून बसलेले. मला म्हणाले, "ही बाईंची पद्धत."

माझं डोकं फिरलं. बाईंची? रुमाल कुणाचा, बाजार कुणाचा? भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई पुटपुटला, "तिसरं... नाही, चौथं..." डॉक्टरांनी रुमाल उचलला. बोट तिसरंच होतं. शिपायाने मान खाली घातली.

भांडण तसंच राहिलं. मी त्याच्याशेजारी बाकावर बसलो.

"चुकू दे की, गड्या. बोललं ना?" म्हणालो, आणि त्याच्या कोपरापासून बोटाने टकटक सुरू केली. "सांग, मुंगी कुठवर आली?"