मंदाताईंची सासू

जिल्हा परिषदेच्या फाटकासमोर अंगणवाडीच्या बायका सरकारनं कामासाठी दिलेले निकामी मोबाइल परत करायला धरणं धरून बसल्या होत्या. मला तिथे कविता वाचायला बोलावलं होतं. माझ्या आधी त्यांच्यातल्या मंदाताई उठल्या. त्यांनी टीव्हीवरच्या एका मालिकेच्या गाण्याची चाल उचलली आणि मंत्र्याला त्या मालिकेतली खाष्ट सासू करून टाकलं.

"सासूबाई, तुमचा बंद पडलेला मोबाइल घ्या की परत!"

दुसऱ्या वेळेला सगळ्या बायका टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. बंदोबस्तावरची पोलीसबाईसुद्धा ओठ हलवत होती.

माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्या कवितेत रोम जळत होतं, ग्रीक देव साखळदंडात होता, खाली तळटीपा होत्या. वीस वर्षं समीक्षक माझ्या राजकीय जाणिवेचं कौतुक करताहेत, पण माझी एक ओळ कधी कुणाच्या तोंडी बसली नाही. हिला मात्र चाल आयती मिळाली, सासू आयती मिळाली. राग तेवढा तिचा स्वतःचा होता. माझं नेमकं उलटं होतं, आणि ते मला त्या उन्हात पहिल्यांदाच कळत होतं.

मंदाताईंनी माइक माझ्या हातात दिला.

"सर, तुमची कुठल्या चालीवर?"

"हिला चाल नाही."

"अगंबाई! मग आम्ही मागनं म्हणायचं कसं?"