ओढ्यावरची गिरणी आणि निखिलची मशीन्स

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही.

माझा नवरा निखिल घरी बिटकॉइन काढायची मशीन्स चालवतो. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये वीज महाग, म्हणून आज आम्ही डोंगरातली एक जुनी गिरणी भाड्याने राहायला बघून आलो. ओढ्यावर टर्बाइन असल्याने वीज जवळपास फुकट. थंडी इतकी, की मशीन्स तापायचीच नाहीत.

"गेनाऊ! अगदी हेच हवं होतं," निखिल खूश.

"आणि माझी नोकरी? सईची शाळा?"

"बघू गं."

तेवढ्यात आमच्या लेकीने, सईने, गिरणीतच राहणाऱ्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना जर्मनमध्ये विचारलं, "इथे आणखी कोण राहतं?"

"कुणीच नाही," आजी म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुम्ही याच."

परतताना गाडीत मी निखिलला सांगितलं, "मी येणार नाही." "मग आजींना तूच कळव," म्हणत त्याने रेडिओ लावला. आता फोन मीच करायचाय.

त्यांना काय सांगू?