भांगापुरता रंग

कायमचा डाय मला चालत नाही. दोनदा लावला आणि दोन्ही वेळा डोळे असे सुजले की समोरचं माणूस दिसेना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा लावलात तर माझ्याकडे येऊ नका. त्यांना काय जातंय सांगायला! बोईसरच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या बाईला पांढरं डोकं चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आमच्याकडे ठेकेदार दर काही महिन्यांनी सगळ्या बायकांना 'ब्रेक' देतो. म्हणजे घरी बसवतो, आणि मग एके सकाळी गेटवर रांग लावून पुन्हा निवडून घेतो. आधार कार्डावर वय असतं, पण मेला कार्ड बघतच नाही, डोकं बघतो. आत गेल्यावर दिवसभर त्याच डोक्यावर पांढरी टोपी असते, एक केस दिसत नाही. पण गेटवर टोपी नसते ना! माझी आई मासे विकायची. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघायचं, तसा तो आमच्याकडे बघतो.

यंदाच्या ब्रेकात मी एका धुण्यात निघणाऱ्या रंगाच्या दोन कांड्या आणल्या. लिपस्टिकसारख्या असतात, ओल्या करून केसांवर फिरवायच्या. एक काळी, एक गडद तपकिरी. सालवडच्या आमच्या खोलीत ट्यूबलाइटखाली काळी फिरवली आणि आरशात बघून खूश झाले. लेक म्हणाली, "आई, जरा बाहेर ये." दारात उन्हात उभं केलं आणि फिस्सकन हसली. "डोक्यावर तवा पालथा घातल्यासारखं दिसतंय!" कार्टीला चांगली सुनावली, पण खरंच होतं. उन्हात तो काळा निळसर झाक मारत होता, आणि त्याखाली माझा चेहरा आणखीच उतरलेला.

धुतलं. नुसता तपकिरी लावला तर मेंदीसारखा लाल दिसला. पुन्हा धुतलं. शेवटी लेकीने कानामागची एकच बट घेतली, आधी तपकिरी, त्यावर काळ्याचा हलका हात. "भुवयांशी जुळला पाहिजे," ती म्हणाली, "आणि बघायचं ते सकाळच्या उन्हात. गेटवर काय ट्यूबलाइट लावलीय?" बट जुळली. माझे केस मुळात काळेभोर नव्हतेच कधी. लहानपणी वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करताना उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तांबूस झालेले. मीच विसरले होते. फक्त भांग आणि कानशिलं रंगवायची ठरलं, बाकीचे केस अंबाड्यात जातात.

त्याच संध्याकाळी माझी मैत्रीण आली. दोघी केळव्याच्या, एकाच आळीतल्या, एकाच दिवशी कामाला लागलेल्या. बारा वर्षं एका टेबलावर. नवरा गेल्यापासून तिने केसांकडे बघितलंच नव्हतं, आणि घरात कमावणारी ती एकटी. तिने माझी बट बोटांत धरून बघितली. "बरा हाय गो रंग. उरलाय काय? मला पन भांगापुरता दे."

कांड्या माझ्या मांडीजवळच्या पिशवीत होत्या. अर्ध्याही झिजल्या नव्हत्या. मी म्हटलं, "नाय गो, संपला."

का म्हटलं? आता लपवून काय करू! मागच्या ब्रेकनंतर पाच-सहा जणींना गेटवरूनच परत पाठवलं होतं. हिने केस रंगवले असते तर ती माझ्याहून लहान दिसली असती, चेहरा मुळातच गोड. दोघींत एकीलाच घेतलं तर? एवढाच विचार. लेकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मैत्रीण "जाऊ दे" म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

निवडीच्या सकाळी गेटवर ती माझ्या पुढेच होती, पदर डोक्यावरून घेऊन. ठेकेदाराचा माणूस, माझ्या लेकीच्या वयाचा, म्हणाला, "आंटी, पल्लू हटाओ." तिने काढला. "अब घर पे आराम करो, आंटी." झालं. त्याने पुढचीला हाक मारली. पुढची मी होते. माझ्या भांगाकडे एकदा बघितलं आणि हातात पास ठेवला. लाज वाटली, पण पाय आत गेले.

आत मी बसल्यावरही आमच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आठवडाभर त्या भरल्याच नाहीत. दोघींनाही जागा होती!

गेटवर तो माणूस रोजच उभा असतो, म्हणून मी रोज सकाळी रंग लावते. घामाने तो टोपीत उतरतो, मग कुणी बघायच्या आत टोपी पिशवीत कोंबून घरी आणते आणि चोळचोळून धुते. मैत्रीण आता बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. तो रस्ता मी कितीतरी दिवस टाळला. गेल्या रविवारी लेकीला सुकट हवी होती, म्हणून जावंच लागलं. तिने मला बघितलं. पदर खांद्यावर, पांढरं डोकं तसंच उघडं. मापाने सुकट घातली, वर एक मूठ जास्तीची टाकली. मी हात आखडला तर म्हणाली, "घे गो, तुझ्या पोरीला."

मग माझ्या भांगाकडे बघून, पिशवीला गाठ मारत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अजून संपला नाय वाटतं रंग."