हिरव्या ठिपक्याचं बटण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीतल्या मित्रांना नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — ठाऊक नाही. स्वस्थ बसवत नाही, एवढं खरं.

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो. चूक छापली गेली, तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती द्यायची, हा आमचा नियम. दुसऱ्यांच्या चुकांच्या दुरुस्त्या मी नेमाने दिल्या. ही एक राहिली.

सुट्टीच्या दिवशी मी लग्नकार्यात डीजे वाजवायचो. कंट्रोलर, म्हणजे गाणी हाताळायचं बटणांचं यंत्र, माझा; लॅपटॉप माझा. सोबत हर्षदा असायची — भंडाऱ्याहून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत खोली करून राहणारी, डावखुरी. काम मी शिकवलं. वर्षभरात ती माझ्यापेक्षा चांगलं वाजवू लागली. हे वाक्य मी आत्ता दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

थोडं यंत्राविषयी सांगायला हवं. कंट्रोलरवरच्या बटणाला स्वतःचं काम नसतं. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, ते लॅपटॉपमध्ये आधी नेमून द्यायचं. त्याला मॅपिंग म्हणतात. हर्षदाने डाव्या हाताच्या सोयीने तिचं मॅपिंग केलं होतं आणि बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. हिरवा ठिपका म्हणजे चालू संगीत हळूहळू खाली आणणं. माझ्या मॅपिंगमध्ये त्याच बटणावर हॉर्न होता. वरातीत पोरं नाचायला लागली की वाजवतात तो.

वाघोलीला एका लग्नात आम्ही दोघं वाजवणार होतो. त्याच्या आदल्या दिवशी मांजरी गावात एका घरी हळदीचा कार्यक्रम होता. तिथे मी एकट्याने वाजवलं. माझं मॅपिंग लावलं. बंद करताना लॅपटॉपने विचारलं, बदल जतन करायचे का? मी हो म्हटलं. तिच्या मॅपिंगच्या जागी माझं बसलं. ही चूक होती. निव्वळ चूक — इथपर्यंत मी प्रामाणिक आहे.

पुढे नाही.

वाघोलीला लॉनवर ती वायरी जोडत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "दादा, मॅपिंग माझंच हाय ना? कोणी हात त नाही लावला?"

विसरलो होतो का मी? बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण तिने विचारलं त्याच क्षणी मला मांजरीतली हळद आठवली. दाबलेलं 'हो' आठवलं.

"तेच आहे," मी म्हणालो.

का म्हणालो? नवरीच्या आईने फोनवर सांगितलं होतं, "अहो, तुम्ही नाही आलात तरी चालेल. त्या मुलीला तेवढं पाठवा." मला वाटलं, वाजवून बघताना तिच्या लक्षात येईल. गोंधळेल, मला हाक मारेल. चारचौघांत एकदा तिला माझी गरज पडावी, इतकंच. इतकंच?

वाजवून बघायला वेळ मिळाला नाही. गुरुजींनी घाई केली.

मंगलाष्टकं सुरू झाली, मागे मंद सनई. गुरुजींची झाली आणि नवरीची आत्या माइकपाशी आली. तिने स्वतः रचलेलं कडवं होतं, त्यात नवरीच्या वडिलांचं नाव गुंफलेलं. वडील हयात नव्हते. सनई खाली आणायला हर्षदाने हिरवा ठिपका दाबला.

हॉर्न वाजला. मागच्या मंडळींना वाटलं, लागलं लग्न. अक्षता उडाल्या. बाहेर थांबलेल्या बँडने ताशा सुरू केला. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो खाली सोडला आणि नवरीने गोंधळून हार घातला.

"अहो थांबा, मुहूर्त व्हायचाय अजून!" गुरुजी ओरडत होते.

"लग्नाला आलोय की ट्रकखाली?" पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले. हशा पिकला.

एकदा गळ्यात पडलेला हार काढून पुन्हा घालायचा नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. आत्याचं कडवं राहिलं. कागदाची घडी घालत ती स्टेजवरून उतरली.

नवरीचे मामा आमच्या टेबलाकडे आले. मी पुढे झालो, हर्षदाच्या गळ्यातला हेडफोन काढून घेतला आणि हात जोडले. "माफ करा. नवीन आहे ती."

"पोरीबाळींच्या हाती दिलंत की असंच व्हायचं," मामा म्हणाले. मी मान डोलावली. पुढचं सगळं मीच वाजवलं — माझ्याच मॅपिंगवर, एकही चूक न होता.

परतताना टेम्पोत ती म्हणाली, "ठिपका पाहूनच दाबलं होतं, दादा. बोट चुकलं असंल माझं." मी खराडीच्या रहदारीकडे पाहत राहिलो.

इथे थांबता आलं असतं. पण खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि तिथे मी अजूनही अडतो. घरी आल्यावर मी तिचं मॅपिंग परत बसवलं. जुनी प्रत होती माझ्याकडे. पुढच्या सरावाला तिने आधी हिरवा ठिपका दाबला. संगीत अलगद खाली आलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. मी शेजारी चहा पीत होतो. मग तिने डावा हात मांडीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्यानंतर ती आली नाही.

अलीकडे एका रिसेप्शनला भेटली. आता कंपनीत नोकरी करते. नवऱ्याला म्हणाली, "हेच ते दादा. मंगलाष्टकांत हॉर्न वाजवला होता ना मी, तेव्हा यांनी सांभाळून घेतलं."

"हिच्या डाव्या हाताचा भरवसाच नाही," नवरा म्हणाला. ती हसली. मीही हसलो.

कंट्रोलर माळ्यावर आहे. हिरवा ठिपका शाबूत आहे. तिचं बोट बरोबर त्याच्यावरच पडलं होतं.