ट्रे पाडा, सिस्टर

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला पंगतीत किस्से सांगायला लावू नयेत. एकातून दुसरा निघतो आणि ताटातलं गार होऊन जातं. लोकांना वाटतं, हिच्याकडे रोगांचे किस्से असतील. रोग कोण लक्षात ठेवतं! माझ्याकडे साठलेत ते सगळे झोपेचे. म्हणजे न मिळालेल्या झोपेचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलला हायवेलगत आमचं छोटं हॉस्पिटल होतं. थोड्याशा कॉट, एक डॉक्टर, मी सिस्टर आणि आयाचं काम करणाऱ्या गुलाबमावशी. न्हावा शेव्याच्या नव्या बंदराचे कंटेनर धावायला लागले, तशा अपघाताच्या केसेस वाढल्या. डॉक्टर घरी फक्त आंघोळीला जायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या शाळेत शिकवायच्या. एक दिवस आम्हा सगळ्यांसमोर डॉक्टरांना म्हणाल्या, "पेशंट तपासताना तुमचा डोळा लागलेला मला दिसला, की त्या दिवशी हे बंद. सांगलीला भावाच्या हॉस्पिटलात जायचं. झोपेत कुणाला भलतंच इंजेक्शन दिलंत तर?"

डॉक्टर "बरं" म्हणाले. ते दिलेला शब्द मोडत नसत, हीच आमची अडचण. वहिनींचं चुकत होतं असंही नाही. पण डॉक्टर गेले असते तर आजूबाजूच्या गावांनी कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्नच होता.

*

डॉक्टर दाढीला समोरच्या सलूनमध्ये जायचे. खुर्चीत पाठ टेकली की घोरायला लागायचे. न्हावी बिचारा हळूहळू वस्तरा फिरवायचा, तेवढीच त्यांना झोप.

एकदा अर्धी दाढी झाली आणि अपघाताची केस आली. डॉक्टर तसेच धावत आले. एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत. ट्रकचा ड्रायव्हर कपाळ फुटून टेबलावर पडलेला. टाके पडत असताना तो डोळे मोठे करून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "डॉक्टर साब, मेरा बाद में कर लेना. पहले अपना तो पूरा करवा लो."

*

गुलाबमावशी मूळच्या बेलपाड्याच्या. भाचीच्या हळदीला जायचं म्हणून त्यांनी महिनाभर आधी सुट्टी मागून ठेवली होती. रात्रपाळी उरकून तशाच हळदीला पोचल्या. नवरीभोवती बायकांचा गराडा, त्यात नवरीला घाम फुटलेला. मावशी दारातूनच ओरडल्या, "पेशंटजवल एकानंच थांबायचं! बाकीचे भायेर!"

गंमत म्हणजे सगळ्या बायका मुकाट्याने बाहेर गेल्या. नवरीची आईसुद्धा!

*

मी तरी कुठे वेगळी होते? खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी सत्यनारायण होता. सासूबाईंनी दोन वेळा बजावलं होतं, त्या दिवशी ड्यूटी घ्यायची नाही. मी नवऱ्याशेजारी पाटावर बसले. भटजींची पोथी सुरू झाली आणि माझी मान खाली गेली. लोकांना वाटलं, सून भक्तिभावाने ऐकतेय.

आरतीला भटजींनी घंटा वाजवली. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "आले, आले! कुठली कॉट?"

पाहुणे हसून हसून लोळले. सासूबाई हसल्या नाहीत. मीही तेव्हा हसले, पण नंतर स्वयंपाकघरात प्रसाद वाटीत काढता काढता रडू आलं. स्वतःच्या घरात चार लोकांत बसल्या जागी झोप लागावी, इतकी मी दमलेय हे मलाच माहीत नव्हतं.

*

वहिनींच्या अटीवर आम्ही एक उपाय काढला होता. ओपीडीत डॉक्टरांचा आवाज जड झाला, की बाजूच्या खोलीत मी स्टीलचा ट्रे फरशीवर पाडायचा. डॉक्टर दचकून जागे व्हायचे आणि "हं, जीभ दाखवा" म्हणायचे. पुढे पुढे पेशंटनाच हे ठाऊक झालं. तपासायला आत गेलेला माणूस दारातून डोकं काढायचा आणि हळूच सांगायचा, "सिस्टर, ट्रे पाडा."

एकदा वहिनी आल्या असताना तासाभरात तीनदा पाडावा लागला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्या हाताला काही झालंय का? डॉक्टरांना दाखवा की."

*

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ. आदली रात्रभर डॉक्टर उभ्याने एका बसच्या अपघातातली माणसं शिवत होते. तपासायला आत गेला होता उरणकडचा एक म्हातारा. जन्म मिठागरात गेलेला, दम लागतो म्हणून नेहमी यायचा. मी बाहेर ड्रेसिंग करत होते. आतून "मोठा श्वास घ्या" असं ऐकू आलं. मग काहीच नाही.

मी हातातलं टाकून ट्रेकडे वळले, तर डबा घेऊन वहिनी आत शिरलेल्या. त्यांनी केबिनचं दार ढकललंसुद्धा.

डॉक्टरांच्या कानात स्टेथोस्कोप, त्याचं दुसरं टोक म्हाताऱ्याच्या छातीवर, आणि डॉक्टरांचं डोकं म्हाताऱ्याच्या खांद्यावर. म्हातारा हलला नव्हता. एका हाताने त्याने डॉक्टरांची पाठ सावरून धरली होती, खुर्चीतून घसरू नयेत म्हणून. वहिनींना बघून त्याचा चेहरा उतरला. अट त्यालाही माहीत होती. अख्ख्या तालुक्याला माहीत होती.

मला वाटलं, संपलं. उद्या ट्रक येणार आणि सामान सांगलीला जाणार.

म्हातारा अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "झोपला नाय तो, ताई. माजी छाती आयकतंय. जुनी हाय ना, जरा येल लागतंय."

तेवढ्यात डॉक्टर घोरले.

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. दार लोटून घेतलं, म्हाताऱ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग ऐकू दे सावकाश."