खुंटीवरचं कानाचं झाकण

झाडावर चढलेल्या माणसाला झाड दिसत नाही. हातातली फांदी दिसते, पायाखालची दिसते, बाकी सगळा पाला. अख्खं झाड दिसतं ते खालून, म्हणून खाली एक माणूस लागतं आणि त्या माणसाला तोंड लागतं. आमच्यात ते खालचं माणूस मी, आणि तोंडाची कमी देवानं मला कधी पडू दिली नाही. मालक वर, मी खाली, मधे माझं बोलणं, असा आमचा संसार झाला. ते बोलणं आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कसं गेलं ते सांगते, आणि सांगताना मधेच राग आला तर तो येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, शेळ्या-मेंढरांची माणसं. उन्हाळ्यात रानात गवताची काडी राहिली नाही की बाभळीवर, लिंबावर चढून शेळ्यांना डहाळा पाडायचा, हे मालकांचं पोरवयापासूनचं काम. लग्न होऊन आले तशी मी खाली उभी राहायला लागले. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, आणि नुसतं "अवो" म्हटलं की रानातले चार गडी वळून बघायचे. मग शेळ्यांना मारतात तसली लांब हाक मी मालकांना मारायला लागले. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. पण मालक पहिल्या हाकेला खाली बघायचे. पुढं शेळ्या विकून सोलापूरला आलो, जुळे सोलापूरच्या कॉलन्यांत झाडं छाटायची कामं धरली, तरी हाक तीच राहिली. बंगल्यातल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या, शेळी कुठं आली म्हणून.

कोयता आणि हातकरवत होती तोवर दिवसभर आमचं चालूच असायचं.

"त्या फांदीला हात लावू नका, ढोलीत पोपट हायत."

"बघितलं की."

"बघितलं तर पाय कशाला ठेवलाय तिच्यावर?"

"तुझ्या तोंडाला कुलूप हाय का न्हाय गं?"

भांडण वर-खाली चालायचं, आणि मालक खाली उतरेपर्यंत मिटलेलं असायचं. घरी जाताना भांडायला काही शिल्लक नसायचं.

पुढं मालकांचा उजवा खांदा करवत ओढून ओढून कुरकुरायला लागला. कॉलनीतली माणसंही विचारायला लागली, मशीन नाही का तुमच्याकडं? मशीनवाल्यांचं काम सकाळी सुरू होऊन दुपारच्या आत उरकायचं, आम्ही आपले दिवस मावळेपर्यंत एका गुलमोहराला चिकटलेले. शेवटी दोघं मिळून दुकानात गेलो.

दुकानदार अक्कलकोटकडचा. आत बसलेल्या वडिलांशी कानडीत बोलायचा, आमच्याशी मराठीत, आणि मला अक्का म्हणायचा. त्यानं दोन मशीन टेबलावर ठेवल्या. "जमिनीवर उभं राहून कापायचं तर ही मागच्या मुठीची. झाडावर चढणाऱ्याला ही, वरच्या मुठीची. लहान हाय, अंगाजवळ राहते. पण एका हातात मावते म्हणून एका हातानं चालवायची न्हाई. दोन्ही हात लागतात."

वरच्या मुठीच्या मशीनीसुद्धा दोन-तीन तऱ्हेच्या होत्या. मालकांनी काय करावं? बाजारात बोकड बघतात तसं एकेकीच्या पोटाखाली हात घातला, डोळे मिटले आणि उचलून अंदाज घेतला. जी जड लागली ती बाजूला काढली. तिचा बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, तीही लांब होती. "ही वजनात भरते," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अवो, बोकड घ्यायला आलाय का? दिवसभर लिंबावर हातात धरून बसायचंय तिला."

दुकानदार हसला, पण बाजू माझी घेतली. लांब बार झाडात कुठं तरी मागच्या फांदीला टोकानं लागतो आणि मशीन उसळून तोंडावर येते, म्हणाला. हलकी मशीन घ्या, बार आखूड घ्या. चेनही बारीक दातांची काढून दाखवली. मशीन लहान, तिला रुंद चेन ओढताना दम लागतो, बारीक असली की थोडं लाकूड खाते आणि सरळ जाते. बारची खाच आणि चेन यांचं माप एकच लागतं, दुसऱ्या मापाची कधी चढवू नका, असंही दोनदा बजावलं. मालकांनी कोयत्याची धार बघतात तसा चेनच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. बॅटरीवरची एक होती. तिचा आवाज कमी, असं तो म्हणत होता. "वर गेल्यावर संपली म्हंजे?" मालकांनी विचारलं. मलाही ते पटलं. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, भरायची कुठं? हलकी, आखूड बारची, पेट्रोलची घेतली.

तास-दोन तास घालवले आम्ही त्या बार आणि चेनवर. इतक्या निगुतीनं तर मी कधी जावईसुद्धा बघितला नाही. आणि मग दुकानदारानं खोक्यातून नारिंगी रंगाचं कानाचं झाकण काढलं. डोक्यावरून पट्टी, दोन्ही कानांवर वाट्या. मशीनबरोबरच आलेलं होतं ते. "हे लावल्याशिवाय मशीन सुरू करायची न्हाई."

मालकांनी लावून बघितलं. मी काहीतरी बोलले. त्यांनी ते काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे नको," म्हणाले. "हिचा आवाज कसा यायचा?"

काय सांगू? इतक्या वर्षांत या माणसानं साडी बरी दिसते म्हणून कधी म्हटलं नव्हतं. जेवण चांगलं झालं तर जास्त जेवायचं, तेवढंच त्यांचं कौतुक. आणि इथं परक्या माणसासमोर, भर दुकानात, हिचा आवाज कसा यायचा! मला इतकं गोड वाटलं की मी पदर सारखा करत दुसरीकडं बघत राहिले.

"अक्का, तुम्ही तरी सांगा त्यांना," दुकानदार म्हणाला.

"त्यांचं ते बघतील की," मी म्हणाले.

बोकडाच्या वेळी एवढं तोंड उघडलं होतं, ते नेमकं तेव्हा कुठं गेलं होतं कोण जाणे. घरी आल्यावर ते झाकण दाराजवळच्या खुंटीला अडकवलं. शेजारी लसणाची जुडी.

पहिल्याच दिवशी कळलं की मशीन चालू असताना माझी हाक काही वर जात नाही. कान उघडे असोत की झाकलेले, त्या गरगराटात मीच मला ऐकू येत नव्हते. मग आम्ही दोराची खूण ठरवली. मशीन वर पाठवायचा दोर मालकांच्या कमरेला असायचा, खालचं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे थांबा. दोन हिसके म्हणजे खाली मोकळं आहे, चालू द्या. आणि मालकांनी आपल्या मनानं आणखी एक सवय लावून घेतली. प्रत्येक फांदी पडली की मशीन बंद करायची, मान वाकडी करून माझ्याकडं कान करायचा आणि थांबायचं. मी काही बोलले की मगच पुढची फांदी. "मशीन थांबली की पयला तुझाच आवाज येतो, लई बरं वाटतं," एकदा म्हणाले होते. त्या एका वाक्यावर झाकण खुंटीवरच राहिलं. मीही कधी काढून हातात दिलं नाही.

खांदा सुधारला. कामं वाढली. कान कधी जायला लागले ते आम्हाला कळलंच नाही. आधी म्हणायचे, रातकिडे लई ओरडतात आज. ऐन उन्हाळ्यात कुठले रातकिडे? मी म्हणायचे, तुमचं काहीतरीच. मग कुकरच्या शिट्ट्या कळेनाशा झाल्या. मग दुधापुरती पाळलेली एकुलती एक शेळी दावं तोडून गेली आणि तिची घंटा मागच्या बोळात वाजत असताना मालक पुढच्या रस्त्यावर शोधत राहिले. घंटेवरून कळपातली कुठली शेळी मागं राहिली ते हा माणूस अंधारात सांगायचा.

डॉक्टरांनी तपासून पहिलं विचारलं ते हे, की लूमवर, कापडाच्या मागावर होता का? सोलापुरात बहिरं माणूस आलं की आधी लूमच आठवतो. बाहेर बाकावर खरंच एक लूमवरचं तेलुगू जोडपं बसलं होतं, दोघं बोटांनी आणि ओठांनी बोलत होती, आवाज नाहीच. सवयीनं हसतही होती. मला रडू आलं. मशीन म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कानाला काही लावत नव्हता? मालकांना प्रश्न ऐकू गेला नाही. उत्तर मला द्यावं लागलं. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते सांभाळा, डॉक्टर म्हणाले. ऐकायचं यंत्र घेतलं, पण मालकांना त्यात सगळा कलकलाट येतो, आणि घामानं ते झाडावर टिकत नाही.

काम सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत. ऐकत नाहीत म्हणजे ऐकूनही ऐकत नाहीत, तेवढं अजून शाबूत आहे. शेवटी यंदा कमी आवाजाची म्हणून बॅटरीवरची मशीन घ्यायला त्याच दुकानात गेलो. या वेळी मालकांनी उचलून वजन बघितलं नाही. दुकानदारानं मशीन सुरू केली तेव्हा ते चेनकडं बघत होते, मग माझ्याकडं बघून विचारलं, "आवाज हाय का हिला?"

"हाय, थोडा," मी मानेनं आणि बोटांनी सांगितलं. दुकानदार खाली बघत खोकं बांधत बसला.

आणि नव्या मशीनच्या पहिल्या दिवशी सकाळी मालकांनी खुंटीवरून ते नारिंगी झाकण काढलं, धूळ पुसली आणि गळ्यात अडकवलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी डबा भरत होते, हातातली भाकरी तशीच राहिली. इतकी वर्षं ते घरातच होतं, येता-जाता डोक्याला लागत होतं.

काम एका रिटायर बाईंच्या अंगणातल्या लिंबाचं होतं. मालकांनी वर जाऊन झाकण कानांवर ओढलं, मशीन चालू झाली आणि मला पाखरं ऐकू येत होती. बाई आत स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, ती ऐकू येत होती. इतकी शांत मशीन! पहिली फांदी पडली, मशीन थांबली, आणि न राहवून मी जुनी हाक मारली, शेळ्यांची, लांब. बाई बाहेर येऊन बघायला लागल्या. मालकांची पाठ माझ्याकडं होती, ती काही वळली नाही.

मग मला राग आला, आणि जे दुकानात बोलायला हवं होतं ते मी तिथं बोलले. म्हटलं, लावलं असतं ते तेव्हाच तर काय बिघडलं असतं? माझा आवाज काय पळून जात होता? संध्याकाळी उतरल्यावर मी होतेच की, घरी, रात्रंदिवस, कान किटेपर्यंत बोलले असते. मोठ्यानं म्हटलं, सगळी गल्ली ऐकेल असं. बाई हळूच आत गेल्या.

वर मालकांनी फांदीवर बूड टेकलं. मशीन कमरेला अडकवली, एका कानावरची वाटी बोटानं उचलली, मान वाकडी करून कान माझ्याकडं केला आणि थांबले. इतकी वर्षं थांबतात तसेच. काही ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी काही बोलेपर्यंत ते पुढच्या फांदीला हात लावणार नव्हते.

मी पदरानं तोंड पुसलं आणि दोराला दोन हिसके दिले. खाली मोकळं आहे, चालू द्या.