उत्तर येईपर्यंत

आमची आक्का प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. "सुध्या, जेवलास? न्हाई जेवला असणार. बस." हे सगळं एका दमात. मी जेवून आलेलो असायचो, पण ते सांगायला फट मिळायची नाही, म्हणून मी पुन्हा जेवायचो. माझ्या आजच्या पोटाच्या घेराला मी आक्काच्या बोलण्याचा वेग जबाबदार धरतो. बायको वेगळं कारण सांगते. दाजींनी तर लग्नानंतर वर्षभरातच उत्तरं देणं सोडलं होतं. डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारलं की ते आक्काकडे बघायचे.

आक्का हुपरीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रोज सकाळी कोल्हापूरहून बसनं जायची. आमच्या वस्तीतली बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी, त्यामुळे वडिलांनी तिला कधी 'गप्प बस' म्हटलं नाही आणि बाकी कुणाची ते म्हणायची टाप नव्हती. शाळेच्या भिंतीपलीकडे चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. तिथल्या कारागिरांनाही मूलद्रव्यांची यादी तोंडपाठ झाली होती म्हणतात. मला मात्र काहीच पाठ झालं नाही. सख्खी बहीण विज्ञानाची बाई असून मी बारावी सायन्सला नापास झालो आणि राजारामपुरीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. "ह्यो माझा फसलेला प्रयोग," अशी ती माझी ओळख करून द्यायची. लोक हसायचे. मीही हसायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, चाळिशी ओलांडल्यावर, तिनं शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदवी-अभ्यासक्रमाला नाव घातलं. अभ्यास घरी करायचा आणि रविवारी वर्गाला जायचं. तिला वाटलं होतं, यंत्रं शिकवतील. शाळेत तेव्हा नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. भरतकाम केलेल्या कापडाखाली, कुलूपबंद खोलीत तो विराजमान होता आणि आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. "देवाला बी एवढं झाकत न्हाईत," असं ती म्हणायची. ते कापड आपण उचलायचं, हे तिच्या मनात होतं.

पण पहिलाच गृहपाठ भलता निघाला. आपलाच एक तास टेपवर घ्यायचा, घरी ऐकायचा आणि दर तीन सेकंदांनी कागदावर रेघ मारायची: आत्ता कोण बोलतंय, बाई, मुलं की कुणीच नाही?

टेपरेकॉर्डर माझा, कॅसेट माझी, म्हणून रेघा मारण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. आक्का भाकरी थापत होती आणि मी घड्याळाकडे बघत पाटावर बसलो होतो. बाईंच्या रकान्यात रेघा मारून मारून पेन्सिलीचं टोक झिजलं. मुलींच्या रकान्यात चार-दोनदा "हो बाई" आणि एक शिंक. शिंक कुठं मांडायची, असं मी विचारलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय.

वीस वर्षं ती स्वतःला चांगली शिक्षिका समजत आली होती. गावही समजत होतं. आणि आता एका बारावी नापास माणसाच्या रेघा काही वेगळंच सांगत होत्या.

"पोरी बोलत न्हाईत त्याला मी काय करू? भितात. व्हय, भितातच," असं म्हणून तिनं त्याही प्रश्नाचा निकाल लावला.

मी दुरुस्तीवाला. आतलं सापडेना की बाहेरून पुसून द्यायचं, हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण मी तिला सांगितलं. दुसरा तास टेप करायचा. तीन प्रश्न आधीच ठरवायचे आणि मुलींकडून तीन उत्तरं त्याच क्रमानं घोकून घ्यायची: लोखंड, चांदी, पारा. एरवी तिनं मला लाटण्यानं हाकललं असतं. त्या दिवशी तिनं मान हलवली, यावरून तिला किती लागलं होतं ते समजावं.

दुसरी कॅसेट आम्ही मिळून ऐकली. पहिल्या प्रश्नाला लोखंड बरोबर आलं. पण बोलण्याच्या ओघात आक्कानं दुसरा प्रश्न गाळला आणि तिसऱ्यावर उडी घेतली. नेहमीच्या तापमानाला पातळ असणारा धातू कोणता? साऱ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, "चांदी."

हुपरीत. जिथं वर्गातल्या निम्म्या पोरी संध्याकाळी घरात पैंजणाच्या कड्या जोडत बसतात आणि चांदी पातळ व्हायला किती आच लागते ते हातांनी जाणतात, तिथं. आणि त्यावर टेपमधून आक्काचा खणखणीत आवाज आला, "शाब्बास. बसा."

मी हसून हसून पाटावरून कलंडलो. आक्कानं टेप मागं घेतली, पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. माझं हसू आपोआप विरलं.

"त्यांना ठाऊक हाय रे," ती म्हणाली. "चांदी कशी वितळती ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. मी घोकून घेतलं म्हणून खोटं बोलल्या. आणि मी ऐकलंच न्हाई. शाब्बास म्हटलं."

तिसरा तास टेप करू, मी सुचवलं. "न्हाई. हीच देतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका घरात 'देतो-जातो'च म्हणतात. कॅसेटसोबत तिनं साऱ्या लबाडीची हकिगत स्वच्छ अक्षरात लिहून दिली, त्यात ही कल्पना धाकट्या भावाची होती हेही. उच्चशिक्षणाच्या दप्तरात माझं नाव लागलं ते एवढंच.

अभ्यासक्रमाच्या सरांनी समासात एकच ओळ लिहून पाठवली: प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा.

आक्कानं सराव आमच्यावर केला. प्रश्न विचारायची, ओठ घट्ट मिटायची आणि पदराखाली बोटं मोजायची. चेहरा लाल व्हायचा. दाजींनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, हिला दवाखान्यात न्यायचं काय. पण एके दिवशी वर्गात 'दोन धातू जोडतात कसे?' असं विचारून ती थांबली. दहाही आकडे संपले, ती तरी थांबली. तेव्हा शेवटच्या बाकावरची, कधी तोंड न उघडलेली एक मुलगी उठली आणि सांगायला लागली: टाकणखार लावल्याशिवाय चांदीचा सांधा धरत नाही, आणि आच पुरेशी झाली ते रंगावरून कसं ओळखायचं. आक्का तिच्या शेजारी बाकावर बसली आणि वहीत उतरवून घेत राहिली.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता थेट माझ्या दुकानात आली. "सुध्या, वीस वर्षं मी त्या पोरींच्या आडवं आलो रे," एवढंच म्हणाली आणि चहा न घेता गेली.

पुढं ती पदवी पूर्ण झाली. कॉम्प्युटरवरचं कापड निघालं, चपला पायात राहिल्या, मुलींचे हात बटणांवर आले. तिच्या तोंडी आता नवं वाक्य बसलं होतं: "घाई करू नगंस, आत अजून काहीतरी हाय." हे ती अडखळणाऱ्या मुलीला म्हणायची, सावकाश चालणाऱ्या कॉम्प्युटरला म्हणायची आणि दाजींनाही म्हणायची. दाजी पन्नाशीत बोलायला लागले. तेव्हा कळलं, त्यांना कारल्याची भाजी कधीच आवडत नव्हती.

मग एका रविवारी दुपारी तिनं मला गाठलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. "सुध्या, बारावीला नक्की काय झालतं?"

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की परीक्षकानं डूख धरून मला पाडलं. त्यापायी आक्का तेव्हा कॉलेजात भांडूनही आली होती. मी नेहमीसारखा हसलो. ती थांबून राहिली. दहा आकडे केव्हाच होऊन गेले असतील. शेवटी मी सांगितलं की मी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बसलोच नव्हतो. प्रयोगशाळेच्या दारातून टेबलावरच्या काचेच्या नळ्या दिसल्या, तसाच मागं फिरलो आणि संध्याकाळपर्यंत पंचगंगेच्या घाटावर बसून राहिलो. आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली.

"मग घाटावर काय केलंस?" तिनं विचारलं.

"मासे बघितले."

"लई हुते?"

"लई हुते."

तिनं समोरच्या उघड्या रेडिओतली एक तार बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "घरात तुला शिकवताना मी एकदा बी नळी तुझ्या हातात दिली न्हाई. मीच भरून दाखवायचो."

त्यानंतरची सात-आठ वर्षं मी तिच्याशी जेवढं बोललो, तेवढं जन्मात कुणाशी बोललो नाही. आजही माणसं भेटतात, कसं काय म्हणून विचारतात आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढं निघून जातात. त्यांचं काही चुकत नाही. सवय मलाच वाईट लागली.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना तिला कावीळ झाली. ती उतरलीच नाही.

शाळेत शोकसभा होती. हार घातलेल्या फोटोशेजारी मुख्याध्यापक उभे होते. ते इतिहासाचे, त्यामुळे सविस्तर बोलले. शेवटी त्यांनी मुलींना विचारलं, "बाईंविषयी कुणाला दोन शब्द बोलायचेत?" आणि त्याच श्वासात, "नाही? बरं, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीचा हात खांद्यापर्यंत आला होता. मी आयुष्यात कधी सभेत बोललेलो नाही. पण उठलो आणि म्हणालो, "सर, जरा थांबा."

मुलगी उभी राहिली. सरांनी घड्याळात पाहिलं. कुणीतरी खोकलं. खूप वेळानं ती म्हणाली, "पैंजण काळं का पडतं, असं बाईंनी मला इचारलं हुतं. मी म्हटलं हुतं, उद्या सांगते."

मग ती सांगायला लागली. घरी तिनं दोन कड्या वेगळ्या ठेवल्या होत्या, एक घट्ट झाकणाच्या डबीत, एक उघड्यावर. उघड्यावरची काळी पडली. हवेत काहीतरी असणार, ते चांदीला धरत असणार. बहुतेक गंधक असेल, कारण गंधकाचा वास येणाऱ्या पाण्यात आईची पैंजणं एका दिवसात काळी झाली होती. एवढं सगळं ती एकदाही न अडखळता बोलली.

"बरोबर हाय का?" तिनं विचारलं.

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. विज्ञानाच्या नव्या बाई अजून यायच्या होत्या. मुलगी फोटोकडे बघत उभी होती, आणि तिला बस म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच धाडस होत नव्हतं.